वाचनालयातील त्या ताईंचे आभार

गेल्या श्रावणात आईला अर्धांगवायूचा झटका आला, तिची वाचा गेली आणि रुग्णालयातल्या १९ रात्री मी तिच्या खाटेशेजारी बसून काढल्या. घराजवळच्या वाचनालयाचे माझे सदस्यत्व तेव्हा संपलेले होते. तरीही तिथल्या देवघेव खिडकीवरील ताईंनी, माझी हकिगत ऐकताच, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि बहिणाबाई चौधरींच्या कविता स्वतःच्या नावावर नोंदवून माझ्या हाती दिल्या. १८९५ साली पती ख्रिस्ती झाल्यानंतर लक्ष्मीबाईंनी जो विरह सोसला, त्या पानांत ताईंनी बसचे जुने तिकीट खुणेसाठी ठेवले होते आणि “इथून वाचा, धीर येईल,” एवढेच त्या म्हणाल्या. आला, खरोखरच आला. इतक्या दुःखातही लक्ष्मीबाई वाचणाऱ्याला हसवतात, हे मला त्या रात्री प्रथमच नीट उमगले.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. बहिणाबाईंसारखीच आमची आईही खानदेशातली. तिच्या कानाशी मी त्या हळू आवाजात वाचू लागले, तेव्हा तिचे ओठ हलले आणि उजव्या हाताची बोटे चादरीवर ठेका धरू लागली.

ताई, मुदत उलटून गेल्यावरही आपण एकदाही पुस्तके मागितली नाहीत. आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे आभार इथे जाहीरपणे मानते. येत्या सोमवारी आईला घेऊन पुस्तके परत करायला येत आहे.