शोक खरा होता, सक्तीही खरी होती

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

बाळासाहेब ठाकरे यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने आपल्या दैनिकात वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत १७ नोव्हेंबर २०१२ या त्यांच्या निधनाच्या दिवसाचा उल्लेख वारंवार आला आणि प्रत्येक वेळी वाद एकाच जागी येऊन अडला. एका बाजूचे म्हणणे असे की, शिवाजी पार्कवर लोटलेला जनसमुदाय हाच त्या नेत्याच्या थोरवीचा दाखला असून त्यानंतर कुणी तोंड उघडण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ती गर्दी दहशतीची आणि झुंडीची होती, तिला शोक म्हणणेच चूक. दोन्ही पक्ष त्या दोन दिवसांचे अर्धेच चित्र पाहतात, असे मला वाटते. आणि ज्या घटनेने ते चित्र कायमचे बिघडवले, त्या पालघरच्या, म्हणजे फेसबुकवरील मजकुरावरून तिथल्या दोन तरुणींना झालेल्या अटकेविषयी दोघेही ओझरते बोलून पुढे जातात.

ती गर्दी भाड्याची नव्हती, हे मी त्या पक्षाला कधीही मत न दिलेला एक गिरगावकर म्हणून लिहीत आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हा मुंबईच्या कचेऱ्यांत मराठी मुलाला साध्या कारकुनाची नोकरीही मिळत नाही, ही भावना घरोघरी होती. तिच्यातला राग मद्राशी म्हणून सरसकट हिणवल्या गेलेल्या निरपराध माणसांवर निघाला, ही गोष्ट विसरता येत नाही. परंतु पुढे शिवसेनेच्याच स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमान कंपन्या आणि पंचतारांकित हॉटेले यांच्या दारात मोर्चे नेऊन, व्यवस्थापनाशी बोलणी करून ज्यांना कामाला लावले, त्यांची मुले त्या पगारावर शिकली. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका मिळवून देणारी, शाळेच्या प्रवेशासाठी चिठ्ठी देणारी सेनेची शाखा हीच अनेकांच्या दृष्टीने सरकार होती. असा आधार देणारा माणूस गेल्यावर लोक रडले, तर त्यांना भोळसट ठरवण्याचा अधिकार सुस्थितीतल्या टीकाकारांना कुणी दिला?

मी ज्या बँकेत नोकरी केली, तिथल्या आमच्या शाखेतील दफ्तरी (कागदपत्रे सांभाळणारा कर्मचारी) असाच समितीच्या आंदोलनातून लागलेला होता. रविवारी, १८ नोव्हेंबरला, अंत्ययात्रा सकाळी वांद्र्याहून निघाली आणि सायंकाळी शिवाजी पार्कवर चितेला अग्नी दिला गेला, तोवर तो दिवसभर रस्त्यावरच होता. सोमवारी कामावर आला तेव्हा त्याने घरच्या वडीलधाऱ्यासाठी काढावेत तसे डोक्यावरचे केस काढलेले होते. त्याला तसे करायला कुणी सांगितले नव्हते, आणि त्यातून त्याला काही मिळणारही नव्हते.

बँकेच्या त्याच शाखेत एक मुस्लिम बाई कारकून होत्या. जानेवारी १९९३ च्या दंगलीत त्यांच्या कुटुंबाने मुंबईतली राहती खोली सोडली आणि त्या वेळच्या अनेकांप्रमाणे ते मुंब्र्याला गेले, ते परत आले नाहीत. सोमवारी शाखेत दोन मिनिटे स्तब्धता पाळण्याचे ठरले, तेव्हा त्याही उठून उभ्या राहिल्या, कारण बसून राहण्याची सोय नव्हती. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्या समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या, आणि वेळ संपल्याबरोबर त्यांनी चेक पुन्हा मोजायला घेतले. दफ्तरीचा शोक खरा होता. बाईंचे उभे राहणे खरे नव्हते, आणि ते खरे नसण्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

शनिवारी दुपारी निधन झाल्यावर मातोश्रीबाहेर येऊन ती बातमी ज्यांनी सांगितली, ते बाळासाहेबांवर उपचार करणारे डॉ. जलील पारकर होते. (हा एक तपशील दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांनी ध्यानात ठेवावा, त्यातून काय निष्कर्ष काढायचा तो ज्याचा त्याने काढावा.) टीव्हीवर पट्टी येताच आमच्या गल्लीतल्या वाण्याने शटर ओढले. रविवारी सकाळी त्याने शटर गुडघ्याएवढे वर करून खालून दुधाच्या पिशव्या दिल्या. बंद ठेवायला कोण सांगून गेले, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सांगायला कशाला लागतं?" या वाक्यात आदर किती आणि अनुभव किती, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. मुंबई त्या दोन दिवसांत दोन्ही कारणांनी बंद होती, आणि एकाच दुकानाचे एकच शटर दोन्ही कारणांनी खाली आलेले असू शकते.

पालघरच्या तरुणीने फेसबुकवर नेमके यावरच बोट ठेवले होते. रोज माणसे मरतात आणि जग चालू राहते, आदर कमवावा लागतो, तो लादता येत नाही, आणि आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नसून भीतीपोटी, असा त्या चार ओळींचा आशय होता. त्यात शिवी नव्हती, मृताच्या खासगी आयुष्याविषयी एक शब्द नव्हता, कुणाला चिथावणी नव्हती. दुसऱ्या तरुणीने तर काही लिहिलेही नव्हते. तिने मैत्रिणीच्या मजकुराला 'लाइक' केले होते. स्थानिक शिवसैनिकांच्या तक्रारीवरून पोलिसांनी दोघींना अटक केली, भारतीय दंड संहितेचे कलम ५०५(२) (समाजात तेढ पसरवणारे वक्तव्य) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर) लावले, आणि सोमवारी त्यांना न्यायालयापुढे उभे केले. प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर त्या सुटल्या. त्याआधी जमावाने मजकूर लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली होती. काका अस्थिरोगतज्ज्ञ होते आणि त्या मजकुराशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता.

एकाने काढलेल्या उद्गारांची शिक्षा दुसऱ्याच्या घरादाराला देण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर काही ठिकाणी पेढे वाटले गेल्याच्या बातम्या पसरल्या आणि त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ज्यांनी पेढे वाटणे सोडाच, पण दोन दिवस चूलही पेटवली नव्हती, अशांचीही घरे केवळ जातीमुळे जळाली. एका खुनाचा आनंद मानणे आणि वृद्धापकाळाने गेलेल्या नेत्यासाठी शहर बंद ठेवण्यावर प्रश्न विचारणे यांची बरोबरी होत नाही, हे मला कळते. जमावाला मात्र तो फरक दोन्ही वेळा कळला नाही.

पालघरच्या प्रकरणात पुढे जे घडले ते आपल्या व्यवस्थेला अगदीच लाजिरवाणे नाही. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून जाब विचारला. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, संबंधित दंडाधिकाऱ्यांची बदली झाली, आणि पोलिसांनी ते प्रकरणही बंद केले. निलंबनाच्या निषेधार्थ पालघर बंद पुकारला गेला, म्हणजे बंदविषयीच्या तक्रारीला उत्तर पुन्हा बंदनेच मिळाले. याच अटकेमुळे दिल्लीतील एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतरही अनेक राज्यांचे पोलीस त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, हे पाहून २०२१ च्या जुलैमध्ये न्यायालयाने धक्का बसल्याचे सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला. ५०५ हे कलम तर आता भारतीय न्याय संहितेत ३५३ या क्रमांकाने नांदतेच आहे.

माझ्या मते या अटकेने सर्वांत मोठे नुकसान केले ते आमच्या दफ्तरीसारख्यांचे. त्याने केस काढले ते मनापासून काढले. पण ज्या आठवड्यात शोक न करणाऱ्याला कोठडी दाखवली जाते, त्या आठवड्यातला प्रत्येक शोक संशयास्पद होतो. पालघरमध्ये तक्रार द्यायला गेलेल्यांना आपण साहेबांचा मान राखत आहोत असे वाटत असेल, परंतु त्यांनी लाखो लोकांच्या खऱ्या अश्रूंवर कायमचे प्रश्नचिन्ह उमटवले. आज ती गर्दी भीतीची होती असे जे लिहितात, त्यांच्या हातात पुरावा म्हणून पालघरच असते.

'मरणान्तानि वैराणि' (वैर मरणाबरोबर संपते) हे वचन आपल्या काही वाचकांनी टीकाकारांना गप्प करण्यासाठी उद्धृत केले आहे. रामायणात ते रामाच्या तोंडी आहे, म्हणजे रावणाच्या तोलामोलाच्या आणि नुकत्याच विजयी झालेल्या शत्रूच्या तोंडी. आणि ते तो बिभीषणाला रावणाचे अंत्यसंस्कार कर असे सांगताना म्हणतो. आपले वैर संपले, हे ज्याचे वैर होते त्यानेच म्हणायचे असते. ते दुसऱ्याने, तेही पोलीस ठाण्यातून, म्हणून चालत नाही. शरद पवारांपासून काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत जे राजकीय विरोधक अंत्यदर्शनाला गेले, त्यांनी हे वचन पाळले आणि ते शोभून दिसले. आमच्या शाखेतल्या बाईंनी ते पाळावे अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

दुसऱ्या टोकाचेही समर्थन मी करत नाही. बाळासाहेबांच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, मार्गारेट थॅचर वारल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये चौकाचौकांत मेजवान्या झाल्या, चेटकीण मेल्याचा आनंद करणारे एक जुने गाणे लोकांनी खरेदी करून विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेले, आणि यॉर्कशायरमधील गोल्डथॉर्प या खाणकामगारांच्या गावात अंत्यसंस्काराच्या दिवशीच प्रतीकात्मक शवपेटी जाळली गेली. ते पाहून मला किळस आली. मात्र त्यांच्या मृत्यूच्याच आठवड्यात पार्लमेंटमध्ये श्रद्धांजलीच्या चर्चेत मजूर पक्षाच्या खासदार ग्लेंडा जॅक्सन यांनी थॅचरबाईंच्या धोरणांची सडेतोड चिरफाड केली, हुजूर पक्षाच्या सदस्याने हरकत घेतली, आणि त्या भाषणात नियमबाह्य काही नाही असे सांगून सभापतींनी ती फेटाळली. शोकप्रस्तावात असे बोलता येणे मला आवश्यक वाटते. शवपेटी जाळण्याची गरज बहुधा तिथेच वाटते, जिथे आपले म्हणणे सभागृहात कधी पोहोचलेच नाही असे लोकांना वाटत आलेले असते.

बाळासाहेबांच्या बाबतीत असे मोकळे बोलणे आणखी एका कारणाने आवश्यक होते. त्यांनी कोणतेही सरकारी पद भूषवले नव्हते, तरी राज्य सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले. १९२० साली आमच्या गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचे दहन झाल्यानंतर मुंबईत सार्वजनिक जागी असा मान कुणाला मिळाला नव्हता. मान शासनाने दिला की तो नागरिकांच्या नावाने दिला जातो, आणि मग नागरिकाला प्रश्न विचारण्याचा हक्क आपोआप मिळतो. त्याच शासनाने नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात, १९९२-९३ च्या दंगलीत ठाकरे यांनी एखाद्या अनुभवी सेनापतीप्रमाणे शिवसैनिकांना मुस्लिमांवर संघटित हल्ले करायला लावले, असे नमूद केले आहे. त्या दंगलींत ९०० माणसे मारली गेली. युती सरकारने अहवालाचे निष्कर्ष स्वीकारले नाहीत, 'सामना'तील लेखांवरून २००० साली झालेली अटक मुदतबाह्य ठरून त्याच दिवशी संपली, आणि दंगलीबद्दल कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही, हेही तितकेच खरे आहे. धर्माच्या नावाने केलेल्या निवडणूक प्रचाराबद्दल मात्र त्यांचा मताधिकार सहा वर्षे काढून घेतला गेला होता. हे सर्व जाहीर दप्तरातले आहे. व्यंगचित्रांतून मोठमोठ्या नेत्यांची भंबेरी उडवण्यावर ज्यांनी आपली कारकीर्द उभी केली, त्यांच्याविषयी एवढे लिहायला त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांनी कचरावे, याचे मला तेव्हाही आश्चर्य वाटले होते. आपलेही दैनिक त्याला अपवाद नव्हते. मी तेव्हाचे अंक जपून ठेवले आहेत.

जन्मशताब्दीच्या निमित्ताने आपण चालवलेली लेखमाला अजून संपलेली नाही, असे दिसते. तिच्या उरलेल्या भागांत लोकाधिकार समितीमुळे नोकरीला लागलेल्यांच्या आठवणी जरूर द्याव्यात, आणि त्यांच्या शेजारी श्रीकृष्ण आयोगाचा तो परिच्छेद जसाच्या तसा, पृष्ठक्रमांकासह, छापावा. पालघरच्या प्रकरणाला एक पूर्ण लेख द्यावा. त्या दोघींची नावे त्यात पुन्हा छापू नयेत; त्यांनी त्या चार ओळींची पुरेशी किंमत मोजली आहे.

आपला,
एक जुना वाचक,
गिरगाव, मुंबई