तलावांच्या शहरात रुळताना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर मार्गावरील वाहतूककोंडी, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर आणि मेट्रोच्या कामामुळे होणारी गैरसोय यांविषयी वाचक आपल्या पत्रसदरात नेहमी लिहितात आणि ते रास्तच आहे. मात्र या पट्ट्यात नव्याने आलेल्या कुटुंबांचा, विशेषतः मुलांच्या नोकरीपायी उतारवयात गाव सोडून आलेल्या ज्येष्ठांचा, आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे या शहरात रुळायचे कसे. त्याचे बरेचसे उत्तर ठाण्याच्या तलावांकाठी आहे, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

आम्ही पती-पत्नी कोल्हापूरहून मानपाडा परिसरात मुलीच्या शेजारी राहायला आलो. कोल्हापुरात संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारायची, संध्यामठाच्या बाजूला थोडे टेकायचे आणि कोणाच्या घरी लग्न ठरले, कोण दवाखान्यात आहे, ही सगळी खबरबात तिथेच ऐकायची, असा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. इथल्या इमारतीत लिफ्ट, सुरक्षारक्षक, बाग असे सर्व काही आहे. पण शेजारचे दार दिवसभर बंद असते. त्यात त्यांचा दोष नाही, कारण नवरा-बायको दोघेही सकाळी बाहेर पडतात ते रात्रीच परततात. सोसायटीच्या बागेत जे भेटतात, तेही बहुतेक आमच्यासारखेच कालपरवा आलेले. गावाची ओळख व्हायची तर त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे भेटावी लागतात.

ती आम्हाला तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर भेटली. या तलावाभोवती एक फेरी मारली, तरी जुन्या ठाण्याचा बराच भाग नजरेखालून जातो. काठावर कोपिनेश्वराचे मंदिर आणि गडकरी रंगायतन, पलीकडे राम मारुती रस्त्याची बाजारपेठ, आणि चालत जाण्याच्या अंतरावर १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय. तिथल्या बाकावर रोज बसणाऱ्या एका आजींनी आम्हाला नौपाड्यात भाजणी कुठे चांगली मिळते, गुडघ्यांना सोसेल असा स्थानकाचा जिना कोणता आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा नीट बघायची तर किती वाजता कुठे उभे राहायचे, हे सगळे न विचारता सांगितले. पुढच्या वेळी त्यांनी भाजणीचा पुडाच आणून हातात दिला. सोसायटीच्या मोबाइल गटावर अशी माणसे भेटत नाहीत. तिथे पार्किंगचे वाद भेटतात.

पुढे आम्ही घरापासून जवळच्या उपवनलाही जाऊ लागलो. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या तलावावर सकाळी पाण्याकाठी टपून बसलेला बगळा आणि तारेवरून सूर मारणारा खंड्या दिसतो, माझी नात शाळेत जाऊन त्याची चित्रे काढते. तिच्या दृष्टीने ठाणे म्हणजे उपवन आणि तिला हे शहर आमच्याआधी आपलेसे झाले, यात मला नवल वाटत नाही.

ठाण्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये १८ लाखांवर गेली आणि त्यानंतर उभे राहिलेले टॉवर आपण सगळेच पाहत आहोत. एवढ्या माणसांना फुकट बसता येईल, ओळखी करून घेता येतील अशा जागा किती आहेत? मॉलमध्ये खर्च केल्याशिवाय फार वेळ बसता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना तिथला गोंगाटही सोसत नाही. म्हणून तलावांकडे केवळ सुशोभीकरणाची जागा म्हणून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काठाला रंगीत दिवे लावले आणि फरशा बसवल्या म्हणजे तलाव जगतो असे नाही. तलाव भरतो तो आजूबाजूच्या उतारांवरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने. चहूबाजूंनी काँक्रीट झाले की ते पाणी रस्त्याकडेच्या गटारात वाहून जाते आणि जिथे सांडपाण्याची एखादी वाहिनी तलावात उतरते, तिथे वर्षभर सांडपाणीच साचते. सांडपाणी आणि निर्माल्य यांमुळे शेवाळ माजते. दिवसा हेच शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्री तोच शोषून घेते आणि मग उन्हाळ्यात एखाद्या पहाटे मेलेले मासे काठाला लागलेले दिसतात. त्या दुर्गंधीत फेरी मारायला कोण येणार? निर्माल्य कलश चार पावलांवर असताना कठड्याला बांधलेल्या हारांच्या प्लास्टिकच्या पिशव्या मी स्वतः सोडवून कलशात टाकल्या आहेत. गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्याची पद्धत ठाण्याने बऱ्याच वर्षांपासून रुजवली आहे, त्याच शहरात हे दिसावे याचे वाईट वाटते.

तेव्हा कोणत्याही तलावावर नवा खर्च करण्यापूर्वी त्यात येणारे सांडपाणी बंद करावे आणि पावसाच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात. काठावर पाठ टेकता येतील अशी बाके, रात्री नऊपर्यंत पुरेल असा साधा उजेड आणि महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे. स्वच्छतागृहाअभावी माझ्या वयाच्या कित्येक जणी घराबाहेर पडायचे टाळतात. घोडबंदर पट्ट्यातून उपवन आणि तलावपाळीकडे सकाळ-संध्याकाळ टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या) लहान बस सोडल्या, तर रिक्षाच्या रांगेत उभे राहू न शकणारे ज्येष्ठही घराबाहेर पडतील.

आपल्याकडेही एक मागणे आहे. शहरातील तलाव क्रमाने घेऊन, दर आठवड्याला एका तलावाची सद्यस्थिती, तिथे पोहोचण्याची बस आणि काठावरच्या सोयी-गैरसोयी छायाचित्रासह आपल्या ठाणे पुरवणीत द्याव्यात. नव्याने आलेल्या रहिवाशांना त्याचा फार उपयोग होईल. सुरुवात रायलादेवी, कचराळी किंवा आंबे घोसाळे यांपैकी कोणत्याही तलावापासून करावी. मासुंदा आणि उपवन यांची माहिती मी लिहून पाठवीन.

आपली नम्र,
एक वाचक
मानपाडा, ठाणे (पश्चिम)