उभ्या गाडीची निगा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, ‘गाडी वापरतोच कुठे, तिला काय धाड भरणार?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र. आजकालच्या गाड्या पळून बिघडतात त्यापेक्षा जास्त उभ्या राहून बिघडतात. कुलूप लावलं तरी ती पूर्ण झोपत नाही. अलार्म, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर, आतले कॉम्प्युटर, सगळे थोडा थोडा करंट पीत असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन-चार आठवडे हलली नाही, तर जुनी बॅटरी हमखास उतरते.

पण त्यावर रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा तुमचा उपाय आधी थांबवा. तेवढ्यात बॅटरीत फारसं काही भरत नाही. इंजिन गार असल्यामुळे थोडं पेट्रोल न जळता ऑइलमध्ये उतरतं आणि धुरातलं पाणी सायलेन्सरमध्येच साचून आतून गंजवतं. त्यापेक्षा रविवारी सकाळी ईस्टर्न एक्स्प्रेसवरून घाटकोपरपर्यंत जाऊन या. अर्धा-पाऊण तास सलग, एसी चालू ठेवून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलनाही तेल मिळतं. सुरुवातीच्या दोन-चार ब्रेकला खरखर येईल. डिस्कवरचा गंज निघतोय, एवढाच त्याचा अर्थ.

एक साधा डिजिटल मीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की चार्ज करायलाच हवी. बॉनेट उघडल्यावर लगेच मोजू नका. दार उघडलं की गाडी जागी होते आणि आकडा खाली दिसतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास हवं. नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला हा आकडा मुद्दाम वर-खाली करतात, तेव्हा एकदा कमी दिसला म्हणून अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलायला धावू नका.

बॅटरी बदलायची वेळ आली की दुकानदार म्हणेल, ‘काका, साधी टाका, स्वस्तात होईल.’ ऐकू नका. आपल्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं; तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार स्टार्ट सोसणारी बॅटरी लागते, जुनी जी होती तीच जात. साधी बॅटरी बसते, चालतेही, पण वारंवारच्या स्टार्टने लवकर मरते. ती सोय तुम्हाला आवडत नाही, हे मला मान्य आहे. भांडुपच्या सिग्नलला एसी मंद होऊन घाम फुटला की कोणालाच आवडणार नाही. डॅशबोर्डवरचं बटण दाबून खुशाल बंद ठेवा, फक्त ते प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा दाबावं लागतं.

उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरींनी जोडून जंप स्टार्ट करायची वेळ आलीच, तर क्रम असा: लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी आधी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. आपल्या मायनस टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो, तिथे चिमटा लावू नका. काढताना उलट क्रमाने.

आई, किल्ली तुझ्याकडे असते म्हणून हे तुला. किल्लीतला सेल सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला तर घाबरायचं नाही. किल्लीच्या पोटातून लोखंडी किल्ली निघते, तिने ड्रायव्हरचं दार उघडायचं, मग ब्रेक दाबून किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवायची आणि बटण दाबायचं. आणि गाडीत फरसाणाची पाकिटं ठेवू नकोस. मुंबईत गाडीचा खरा शत्रू उंदीर आहे. एअर फिल्टरच्या डब्यावर लेंड्या दिसल्या किंवा अचानक इंजिनाचा दिवा लागला, तर आधी वायरी कुरतडल्यात का ते बघायला सांगा. वास येणाऱ्या फवाऱ्यांचा परिणाम काही दिवसच टिकतो. नियमित गाडी हलणं आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून बघणं हे जास्त उपयोगी.

टायरची हवा पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे, आणि तो गार टायरचा आहे. म्हणजे घरून निघून जवळच्याच पंपावर भरायची. चाकातल्या सेन्सरऐवजी चाकांच्या फिरण्यावरून हवा ओळखणारी गाडी असेल, तर हवा भरून झाल्यावर मेनूत जाऊन रीसेट करावं लागतं, नाहीतर दिवा उगाच लागत राहतो. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या कमी वापरात रबराची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र वयाने कडक होतं. सहा वर्षं झाली की नक्षी बघून फसू नका.

सर्व्हिसचंही तसंच. ‘फक्त दोन हजार किलोमीटर झालेत’ हे कारण चालत नाही. ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि गरम झाल्यावर त्यात वाफ होते. मग पॅडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. याउलट इंजिन फ्लशिंग, इंटीरियर ट्रीटमेंट वगैरे जे मॅन्युअलमध्ये नाही, त्याला सरळ ‘नको’ म्हणायचं. एसीचा केबिन फिल्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, तो बाबा तुम्ही घरीच बदलाल.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल व्हॉट्सॲपवर येतं ते सगळं खरं नाही, सगळं खोटंही नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडं घसरणारच. शिवाय ते पाणी ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवा आणि तेच पेट्रोल महिनोनमहिने पडू देऊ नका.

मावशीकडे पार्ल्याला जाताना पाऊस असेल तर मिलन किंवा अंधेरी सबवेचा मोह टाळा. पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर मागे फिरा. आत अडकून इंजिन बंद पडलंच, तर पुन्हा स्टार्ट अजिबात करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही. पॉलिसीवर ‘इंजिन प्रोटेक्ट’ आहे का, ते नूतनीकरणाआधी बघून मला कळवा.

तुमची,
मनू