काटे मोजणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार खासगीत मानून समाधान होईना, म्हणून हे उघड पत्र.

माझ्या टाकीतला एक मासा मला ‘ब्ल्यू अकारा’ या जातीचा म्हणून विकला गेला होता. निळी चकाकी आणि अंगाच्या मधोमध काळा डाग, एवढ्यावर नाव ठरलं. सोबतच्या माशांचे पर फाटू लागले तेव्हा सल्ले भरपूर मिळाले, पण मासा नीट पाहिला कुणीच नाही. एक म्हणे फिन रॉट, म्हणजे पर कुजण्याचा रोग, अँटिबायोटिक टाका. दुसरा म्हणे मीठ टाका. काही अँटिबायोटिक्समुळे फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात आणि पाण्यात विषारी अमोनिया चढतो, हे औषध सुचवणाऱ्याने सांगितलंच नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी फोटो मागितलात. टाकीमागे पांढरा कागद, फ्लॅश बंद, मोबाइल काचेला समांतर आणि मासा पर पसरून आडवा दिसेल असा. मग पोटामागच्या अ‍ॅनल फिनमधल्या प्रत्येक कडक काट्यावर एकेक लाल ठिपका देऊन तोच फोटो परत पाठवलात. ठिपके आठ होते. अकाराला तिथे तीनच काटे असतात, जॅक डेम्पसी या दुसऱ्या जातीच्या माशाला साधारण आठ-नऊ. म्हणजे माझा मासा जॅक डेम्पसी होता. खाली एकच ओळ होती: ‘माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजून बघा.’ ताई, सगळ्या मदतीत मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच ओळ. जाणकार माणूस समोरच्याला खात्री करून घ्यायची संधी देतो, हे फार क्वचित बघायला मिळतं.

रंगावर का जायचं नाही, तेही तुमच्यामुळे कळलं. हे दोन्ही मासे ज्या कुळातले, त्या सिक्लिडचा रंग भीतीने, वयाने, उजेडाने बदलतो. घाबरलेला जॅक डेम्पसी फिका पडतो आणि अंड्यांवर आला की काळाकुट्ट होतो. काटे मात्र तेच राहतात.

नाव बदललं आणि सगळी मांडणीच बदलावी लागली. अकारा पंधरा-सोळा सेंटीमीटरवर थांबतो. जॅक डेम्पसी 20 ते 25 सेंटीमीटर होतो आणि आपला इलाका सोडत नाही. 1919 ते 1926 या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याचं नाव त्याला उगाच मिळालेलं नाही. फाटलेल्या परांचा अर्थही तेव्हाच उलगडला. चावलेला पर उभा चिरतो, कडा स्वच्छ असते, शेजारचे खवले निघालेले दिसतात. फिन रॉटमध्ये कडा पांढरट होते आणि पर काठाकडून झिजत जातो. हा फरक डोळ्यांनी दिसतो. फक्त बघायला हवं.

चार बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे सुमारे 250 लिटरची टाकी तुम्ही सुचवलीत. दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर ठेवायला लावलेत, कारण हा मासा वाळू उपसतो, दगड घसरतो आणि काच तडकते. मधोमध दगडांची आडभिंत अशी की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला दिसू नये. दांडगट मासा चार-पाच दिवस बाहेर, तेवढ्यात सगळी मांडणी उलटपालट, आणि त्याला परत सोडायचं सर्वांत शेवटी, दिवा बंद करून. जुना इलाकाच उरला नाही की त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. तापमान 25 अंशांवर ठेवा, हेही तुम्हीच बजावलंत. पाणी जास्त गरम झालं की प्रजननाची आणि त्याबरोबर मारामारीची खुमखुमी वाढते. हीटरवर जाळीचं गार्ड लावलं आहे.

एवढं सगळं अनोळखी माणसासाठी, तेही न कंटाळता. सज्जनपणा हाच, की ‘हे करा’ म्हणण्याआधी समोर काय आहे ते पाहायचं.

आता कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या भागावर निळे ठिपके दाट होत चालले आहेत, म्हणजे मादी असावी. नर आणायचा विचार मात्र नाही. जोडीने अंडी घातली की या टाकीत बाकीच्या माशांना थारा उरणार नाही.

तुमची ऋणी,
एक मत्स्यप्रेमी