मनू, आधी फाइलींचं बघ

मनू,

फोन उचलत नाहीस, जबलपूरला सुनावणीत असशील, म्हणून टाइप करतोय, रात्री हॉटेलवर निवांत वाच. काल पक्षाची माणसं परत येऊन गेली, आईने पोहे केले, ते खाता खाता म्हणाले ताईंना समजवा, यावेळी विधानसभेचं टिकट वकिलालाच द्यायचंय, आणि मी नुसता हो हो करत बसलो.

मी नको म्हणत नाहीये ग. बत्तीस वर्षं इंदूरच्या जिल्हा कोर्टाबाहेर टाइपरायटर बडवलाय, निवडणूक आली की उमेदवारांची शपथपत्रं माझ्याच टेबलावर, फॉर्म २६ अजून डोळे मिटून टाइप करेन. एक रकाना रिकामा सोडायचा नाही, काही नसेल तर तसं लिहायचं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंयच. तुझा मीच भरीन. डिपॉझिट १० हजार, वैध मतांचा सहावा हिस्सा नाही मिळाला तर जप्त, जाऊ दे, तेवढं सोसेल. खर्चाची मर्यादा मात्र ४० लाख आहे, ते कुठून येणार हे आधीच विचारून ठेव.

माझं म्हणणं वेगळंय. तू म्हणालीस बाबा वकिली सोडायची गरज नाही, २०१८ चा निकाल आहे, आमदार काही पगारी नोकर नव्हे, प्रॅक्टिस करू शकतो. बरोबर. पण इकडे कोर्टात पेशी, म्हणजे केसची तारीख, आणि तिकडे भोपाळला अधिवेशन एकाच दिवशी आलं तर काय?

माझ्या शेजारच्या टेबलावर एक वकीलसाहेब बसायचे, नाव नको. निवडून आले, ढोल वाजले, मी पण नाचलो. त्यांची एक पक्षकार होती, दोन खोल्यांचं घर, भाडेकरू सोडेना. दर तारखेला येऊन मला विचारायची, भाऊ, साहेब आज येतील का? ज्युनिअर यायचा, पुढची तारीख घ्यायचा, मग एकदा तो पण नाही आला आणि केस अदम पैरवीत खारिज, म्हणजे बाजू मांडायला कोणी हजर नाही म्हणून निकालात. साहेब वाईट नव्हते हं, विधानसभेत प्रश्न छान विचारायचे. पण मला त्या बाईंकडे बघवेना, मी चहाला म्हणून उठून गेलो. अजून आठवतं.

तुझ्याकडे चाळीसेक केसेस असतील. फॉर्म भरायच्या आधी एकेकाला बोलव, कुठला वकील हवा ते त्यालाच विचार, एनओसी, म्हणजे दुसरा वकील लावायला हरकत नाही असं, लिहून दे, न झालेल्या कामाची फी परत कर. ज्युनिअरच्या गळ्यात मारून मोकळी होऊ नकोस.

बाकी तिथे तुझ्यासारखी हवीच, २३० जणांत विधेयकाचं परंतुक, ते 'परंतु' म्हणून जोडलेलं अपवादाचं कलम, वाचणारे कितीसे असतील. २०२० मध्ये २२ आमदारांनी राजीनामे देऊन इथलं सरकार पाडलं तेव्हा टीव्हीसमोर तू किती चिडली होतीस, ते लक्षात ठेव. आणि हो, हायकोर्टाच्या जजसाहेबांच्या कामाबद्दल जेवताना जे बोलतेस ते सभागृहात चालणार नाही, राज्यघटनेचं कलम २११, आत्तापासून सवय कर.

रविवारी येतेस ना? माळ्यावरच्या फाइली खाली काढून ठेवल्यात. खजराण्याच्या आजींची सगळ्यात वर आहे, १४ तारखेला पेशी आहे त्यांची.

बाबा