आरसेपबाहेर राहण्याचा हिशेब मांडा : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

आरसेप या, चीन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्यासह आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार करारात सामील होणार नसल्याचे भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये जाहीर केले. दुग्धव्यवसायाबद्दल आणि चिनी मालाबद्दल तेव्हा वाटलेली भीती निराधार नव्हती, आणि तो निर्णय चुकीचा ठरवण्यासाठी मी लिहीत नाही. त्याचा विकासदरावर काय परिणाम झाला, हे सरकारने जनतेला सांगावे, एवढीच मागणी आहे.

असा हिशेब मांडता येतो, हे ब्रिटनने दाखवले आहे. (गटात न शिरणे आणि गट सोडणे यांत फरक आहे, मोजण्याची रीत मात्र एकच.) २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याचा कौल लागला, तर लगेच मंदी येईल, असा इशारा तेथील अर्थखात्याने दिला होता. कौल तसाच लागला, पण मंदी आली नाही, आणि काहीच बिघडले नाही असे म्हणायला संघ सोडण्याच्या समर्थकांना जागा मिळाली. नुकसान झाले ते सावकाश. पौंड घसरला, आयात महागली, उद्योगांची गुंतवणूक वर्षानुवर्षे रेंगाळली. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या ब्रिटन-युरोपीय संघ करारात आयातशुल्क शून्य असले, तरी सीमाशुल्काची विवरणपत्रे आणि माल मूळचा कुठला याचा पुरावा द्यावा लागतो. चीज किंवा मांस पाठवायचे तर प्रमाणपत्रावर पशुवैद्यकाची सही हवी. एका ट्रकमध्ये अनेक लहान व्यापाऱ्यांचा माल असला आणि एकाचेच कागद अपुरे निघाले, तरी सगळा ट्रक खोळंबतो. मोठ्या कंपन्या या कामाला माणसे नेमतात. लहान उत्पादक युरोपची गिऱ्हाइकेच सोडून देतो.

ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या तेथील स्वतंत्र संस्थेच्या अंदाजानुसार, संघात राहिल्यास जे घडले असते त्याच्या तुलनेत ब्रिटनचा आयात-निर्यात व्यापार दीर्घकाळात १५ टक्के आणि उत्पादकता ४ टक्के कमी राहील. कोविड आणि इंधनाची महागाई मध्ये आल्याने या आकड्यांवर वाद आहेत, पण वाद घालायला आकडे तरी आहेत. याउलट, २०२५ मध्ये भारताशी झालेल्या करारातून ब्रिटिश सरकारला दीर्घकाळात जीडीपीत सुमारे ०.१३ टक्के वाढ अपेक्षित आहे.

आपल्याकडेही स्वतंत्र अर्थतज्ज्ञांकडून असे मूल्यमापन करून घ्यावे, त्यात लहान निर्यातदारांची स्थिती वेगळी दाखवावी आणि गृहीतकांसह ते संसदेपुढे ठेवावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नागरिक