‘ऑड फिक्सेस’वाल्या मेंटेनरांना जाहीर आभारपत्र

प्रिय मेंटेनर,

स. न. वि. वि.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, ‘मेंटेनर्स’ नावाची एक भलीमोठी फाईल आहे. कोणता ड्रायव्हर (एखादं हार्डवेअर चालवणारा कोड) कोण सांभाळतं, काही बिघडलं तर मेल कुणाला करायची, हे सगळं तिच्यात असतं. प्रत्येक नोंदीत स्थिती सांगणारी एक ओळ असते. ‘सपोर्टेड’ लिहिलेलं असेल तर ते सांभाळायचा कुणाला तरी पगार मिळतो. ‘ऑर्फन’ लिहिलेलं असेल तर त्या कोडला कुणी वाली नाही. तुमच्या नोंदीत ‘ऑड फिक्सेस’ आहे. म्हणजे माणूस आहे, पण त्याला वेळ नाही. जमेल तेव्हा एखादा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, घेतला जाईल. ते वाचून मेल करावी की नको, अशा विचारात मी होतो. केली, आणि उत्तर इतक्या लवकर आलं की आधी ते आपोआप पाठवलेलं वाटलं.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. त्या फाईलमध्ये ते आहेच, आणि हे वाचून आणखी दहा जणांनी आपापल्या टचपॅडची रडगाणी थेट तुम्हाला पाठवली, तर आभारांचा ताप व्हायचा.

दुखणं साधं होतं. कर्नल अपडेट झाला आणि लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की टचपॅड मेलेला. कीबोर्ड चालू, पडदा चालू, वायफाय क्षणात जोडलेलं, फक्त बोट फिरवून काही होत नाही. रीस्टार्ट केलं की ठणठणीत. बूट होताना जुना कर्नल निवडला तर झाकण कितीही वेळा उघडा-मिटा, काही तक्रार नाही. म्हणजे यंत्र शाबूत आहे, एवढं कळत होतं. त्यापुढे माझी मजल नव्हती. लॅपटॉपच्या कंपनीकडून अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. तिच्या लेखी हे मॉडेल केव्हाच निकालात निघालं आहे, आणि लिनक्सचं नाव तर तिच्या माहितीपुस्तिकेत कधीच नव्हतं.

खरं तर माझ्या घरातली बहुतेक यंत्रं अशीच, कंपनीने हात झटकलेली. फोनवर लिनिएजओएस ही स्वयंसेवकांनी सांभाळलेली अँड्रॉइडची आवृत्ती आहे, कारण मूळ कंपनीचे अपडेट कधीचे बंद झाले. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली. टेबलाच्या कोपऱ्यात एक रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक पडून असतो, त्याच्यावर फायली जुळवून ठेवणारं सिंकथिंग आणि घरातली उपकरणं हाताळणारं होम असिस्टंट. वाचायच्या यंत्रावर केओरीडर. ओपनडब्ल्यूआरटीची जन्मकथा मला विशेष आवडते. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या पोटात लिनक्स होतं, सोर्स खुला करायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याच्या अटींमुळे २००३ साली त्याचा सोर्स बाहेर आला, आणि पुढच्याच वर्षी त्यातून हा प्रकल्प सुरू झाला. परवान्यातल्या चार ओळींनी एवढं करून दाखवलं. मात्र मी काही सोवळ्यातला नाही. वायफायच्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा कोड, बंदिस्त आहे हे मला ठाऊक आहे आणि तरी मी ते वापरतो. डेबियन या डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार संचाने) २०२२ मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागलं, तेव्हा मला बरंच वाटलं. चालणारं यंत्र असलं तर पुढची तत्त्वं बोलता येतात.

हे सगळं सांगायचं कारण, इतकी वर्षं हे वापरूनही मी वापरणाराच होतो. थीम बदलायच्या, आयकॉन बदलायचे, टर्मिनलला रंग द्यायचे आणि स्वतःला तज्ज्ञ समजायचं. आमच्या जमातीत ही हौस फार. तुमच्या पहिल्या उत्तराने ती हौस बाजूला ठेवायला लावली.

तुम्ही आधी दोन डीमेसेज, म्हणजे कर्नलने लिहिलेल्या नोंदी, मागितलेत, एक चांगल्या कर्नलवरचा आणि एक बिघडलेल्या, दोन्ही झाकण उघडल्यानंतरचे. ते पाहून लिहिलंत की रीसेटला टचपॅडकडून उत्तर येत नाही एवढं दिसतंय, पण का ते दिसत नाही, आणि हे मॉडेल तुमच्याकडे नाही. मग विचारलंत, ‘कर्नल कधी स्वतः बिल्ड केला आहे का?’ बिल्ड म्हणजे सोर्सपासून चालणारा कर्नल तयार करणं. मी नाही म्हटलं. त्यावर पुढच्या मेलमध्ये पायऱ्या आल्या, एकाखाली एक, गाळलेल्या जागा न ठेवता.

कोडमधले बदल नोंदणाऱ्या गिटमध्ये बिघडवणारा बदल शोधून देणारी ‘बायसेक्ट’ ही सोय आहे. तिच्याबद्दल मी वाचलं होतं, वापरलं कधी नव्हतं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि दोन आवृत्त्यांच्या मध्ये दहा-पंधरा हजार बदल होतात. त्यातला नेमका कुठला नडला, हे एकेक तपासून कुणाच्या बापाला सापडायचं नाही. पण शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्येच पान उघडतो आणि पुढे जायचं की मागे ते ठरवतो, तसंच हे. मधला कमिट (नोंदलेला बदल) घ्या, बिल्ड करा, बूट करा, झाकण मिटून उघडा. चालला तर ‘गुड’, नाही चालला तर ‘बॅड’. दर फेरीला निम्मे बदल बाद. २ चा १४ वा घात १६,३८४ होतो. म्हणजे एवढ्या ढिगातून गुन्हेगार पकडायला चौदा फेऱ्या पुरतात. कागदावर हे गणित मला माहीत होतं. पण स्वतःच्या लॅपटॉपवर उरलेल्या कमिटचा आकडा हजारांवरून शेकड्यांवर आणि शेकड्यांवरून दहा-वीसवर उतरताना बघणं वेगळंच. जेवायचं विसरायला होतं.

जुन्या लॅपटॉपवर पूर्ण कर्नल बिल्ड करायचा म्हणजे तासन्‌तास पंखा घरघरत राहणार, हे तुम्ही न सांगताच ओळखलंत. म्हणून ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ सुचवलंत. त्या क्षणी जी मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) लोड झालेली असतात तेवढीच बिल्ड होतात, बाकीच्या जगातल्या यंत्रांचे ड्रायव्हर वगळले जातात. आणि लगेच पुढच्या ओळीत इशारा: हा हुकूम देण्याआधी पेन ड्राइव्ह, हेडफोन, जे जे लागतं ते एकदा जोडून घ्या, नाहीतर त्यांचे ड्रायव्हरही वगळले जातील आणि भलत्याच गोष्टी बंद दिसतील. असा इशारा, तिथे ठेच लागलेला माणूसच देतो. एखादा मधला कमिट बिल्डच झाला नाही तर ‘गुड’ किंवा ‘बॅड’ असा अंदाज ठोकायचा नाही, ‘स्किप’ म्हणायचं, हेही तुमचंच. आणि प्रत्येक बूटनंतर ‘यूनेम’ चालवून खरंच नवा कर्नल सुरू झालाय ना ते बघायचं. हे शेवटचं मला तेव्हा जरा अतिच वाटलं होतं. आता मी ते ज्याला त्याला सांगत सुटतो.

शेवटी हाती आला तो बदल अगदी चिमुकला होता. झोपेतून उठल्यावर टचपॅडच्या चिपला वीज मिळते, पण रीसेटचा हुकूम ऐकण्याआधी तिला जरा दम खावा लागतो. जुन्या कोडमध्ये काही मिलिसेकंदांचा तेवढा थांबा होता. लॅपटॉप लवकर जागा व्हावा म्हणून कुणीतरी तो काढला. हेतू चांगला, चाचणीही झालेली, बहुतेक टचपॅडना फरक पडला नाही. माझ्या टचपॅडला पडला. त्या बदलाच्या लेखकालाही तुम्ही मेलमध्ये घेतलंत, आणि दोन वाक्यांत विषय संपला: तुमचा बदल योग्य आहे, हे एक हार्डवेअर त्याला अपवाद आहे. कुणाची चूक यावर एक अक्षर नाही. मी कामाच्या ठिकाणी बैठका बघितल्या आहेत, म्हणून याचं मला जास्त अप्रूप.

थांबा सगळ्यांसाठी परत आणायचा नाही, हेही तुम्हीच ठरवलंत. एकासाठी सगळ्यांना का थांबवायचं? त्याऐवजी ड्रायव्हरमधल्या क्वर्क टेबलात, म्हणजे यंत्रांच्या खोडींच्या तक्त्यात, एक ओळ वाढली. तो तक्ता मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. प्रत्येक ओळीत बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि तिची खोड. एक रीसेटनंतर उत्तरच देत नाही, दुसरी उगाच इंटरप्ट (लक्ष वेधणारे इशारे) पाठवत बसते, तिसरीला झोपेतून उठल्यावर पुन्हा रीसेट करावं लागतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे यंत्र भंगारात गेलं तरी खोड तक्त्यात राहते. प्रत्येक ओळीमागे माझ्यासारखा कुणीतरी झाकण उघडमीट करत बसला असणार, आणि दुसऱ्या टोकाला तुमच्यासारखं कुणीतरी, जे यंत्र आपण कधी हातात घेतलेलं नाही त्याच्याबद्दल प्रश्न विचारत.

मला खरे आभार मानायचे आहेत ते याचे. तुमच्याकडे यंत्र नव्हतं आणि माझ्याकडे अक्कल नव्हती. दुरुस्तीला दोन्ही लागणार होतं. अशा वेळी मेंटेनरला सोपा मार्ग म्हणजे अंदाजाने एक पॅच पाठवायचा, ‘लावून बघा’ म्हणायचं, नाही चालला तर दुसरा पाठवायचा, आणि मग कंटाळून गप्प व्हायचं. त्यात मी निव्वळ झाकण मिटणारा हात राहिलो असतो. तुम्ही मला शोधायचं कसं ते दिलंत आणि उत्तर सापडायची वाट बघितलीत. माझ्या अडाणी शंकांना उत्तरं देण्यात तुमचा जेवढा वेळ गेला, तेवढ्यात तुमच्याकडून तीन इतर पॅच सहज तपासून झाले असते. ‘ऑड फिक्सेस’ लिहिलेल्या माणसाने हे केलं, म्हणून त्याचं मोल.

पॅचच्या खाली तुम्ही ‘फिक्सेस’ची ओळ घातलीत, जुन्या कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक. मग ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून माझं नाव. मग ‘टेस्टेड-बाय’ म्हणून पुन्हा माझं नाव. शेवटी तुमचा ‘साइन्ड-ऑफ-बाय’. खरं सांगतो, त्या दोन ओळी मी घरातल्या सगळ्यांना दाखवल्या. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी कौतुक केलं. पॅच मुख्य शाखेत गेला, तिथून स्टेबलमध्ये, म्हणजे आधी निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांमध्ये, आणि काही आठवड्यांनी माझ्या डिस्ट्रोच्या नेहमीच्या अपडेटमध्ये गुपचूप येऊन बसला. तोच टचपॅड असलेल्या ज्या कुणाला तो मिळाला, त्यांना काही झाल्याचा पत्ताही लागला नसेल. तुमच्या कामाचा हा जरा अन्यायच आहे. काम उत्तम झालं की ते कुणाला दिसतच नाही.

फुकट मिळतंय तर तक्रार कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते कधी पटलं नाही, आणि तुमच्याशी पत्रव्यवहार झाल्यावर तर अजिबातच नाही. तक्रार नसती तर तो बिघाड अजून तिथेच असता. मात्र तक्रारीतही फरक असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला, ते प्रकरण आठवा. त्याआधी तिथल्या एकट्या मेंटेनरवर काही खात्यांवरून सतत दबाव येत होता: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या. तो माणूस आपली मानसिक ओढाताण सांगत होता, तरी टोचणी चालूच. पुढे ज्याला अधिकार मिळाले त्यानेच चोरदरवाजा बसवला. आणि तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे कोडं पडलं, आणि त्याने ते सोडलं नाही. दोघंही ‘हळू आहे’ एवढंच म्हणत होते. एकाने माणसाकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने मोजलं. तुम्ही मला मोजणाऱ्यांत बसवलंत.

तेव्हापासून थोडं बदललं आहे. सिंकथिंगमध्ये काही खटकलं तर मी आधी दोन आवृत्त्या लावून बघतो, मगच लिहितो. राउटरचं नवं फर्मवेअर आलं की काय बिघडलं याइतकंच कशावरून बिघडलं हेही टिपून ठेवतो. आणि नवीन काही घेताना, त्याचा ड्रायव्हर मेंटेनर्स फाईलमध्ये कुणाच्या नावावर आहे ते पाहतो. ‘ऑर्फन’ दिसलं तर यंत्र कितीही देखणं असो, हात आखडता घेतो.

तुमच्या नोंदीतली ती ओळ मी बदलू शकत नाही. कुणी पगार देऊन ती ‘सपोर्टेड’ केली तर आनंदच आहे. तोवर माझ्या हातात एवढंच: मर्ज विंडो (नवे बदल घ्यायचा काळ) संपली की दर रविवारी नवी आरसी, म्हणजे चाचणीची आवृत्ती, येते, ती मी या लॅपटॉपवर लावतो, झाकण मिटतो, उघडतो, बोट फिरवून बघतो. चालत असेल तर तुम्हाला मेल करत नाही, कारण तुमच्या इनबॉक्समध्ये भर नको. क्वर्क टेबलाची पुनर्रचना करायचा तुमचा विचार असल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलं होतंत. ते काम निघालं की पॅच माझ्याकडेही पाठवा. डीमेसेज सोमवारपर्यंत मिळेल, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमच्या पॅचखालच्या दोन ओळींतला एक